जुन्या मित्रांसोबत पणजीत एक दिवस : जेवण लवकर, बैठक गोडाची

मांडवीतीर

पणजीला जुन्या मित्रांना भेटायचे ठरले की पहिली चर्चा कुठे जेवायचे याचीच होते. माझे मत थोडे वेगळे आहे. जेवण अनेक ठिकाणी चांगले मिळते. निवांत बसायचे कुठे, हे आधी ठरवावे. दीर्घ काळाने भेटणाऱ्या माणसांना बोलायचे असते, आणि दुपारी एक वाजता नुस्त्यांच्या (मासळीच्या) नावाजलेल्या हॉटेलात कोणालाही धड बोलता येत नाही. आपल्या खुर्चीच्या पाठीवर पुढच्या गिऱ्हाइकाचा हात टेकलेला असतो, वेटर सोलकढीचा पेला ठेवता ठेवता शेजारच्या टेबलाचे बिल सांगत असतो, आणि कोणाच्या मुलीचे लग्न कुठे ठरले हे ऐकेपर्यंत ताटातले हुमण (माशांची आमटी) गार होते. म्हणून आमच्या मंडळींनी भेटीचा क्रमच बदलला. जेवण लवकर आणि आटोपशीर उरकायचे, आणि लांब बैठक गोडासाठी राखून ठेवायची.

सकाळची सुरुवात मात्र जुन्याच ठिकाणी व्हावी, या मताचा मी आहे. कॅफे टाटो 1913 पासूनचे आणि कॅफे भोसले 1920 पासूनचे. दोन्हीकडे पातळ भाजी, सुकी भाजी, पाव, बन्स आणि मिरची भजी यांवर पोटाला आधार मिळतो. येथे प्रयोग करू नयेत. पातळ भाजीत पाव बुडवून खाताना चार जण एकाच वेळी गप्प होतात, एवढीच या जागेची थोरवी पुरेशी आहे.

जेवायला बारा वाजता बसावे. त्या वेळी मासळी ताजी तळली जाते, पंख्याखालचे टेबल मिळते आणि दारात रांग लागण्याच्या आत आपण उठलेलो असतो. पणजीत दुपारी तीनच्या सुमारास बहुतेक स्वयंपाकघरे बंद होतात, ती संध्याकाळी सातच्या आसपास उघडतात. बाहेरगावच्या मंडळींच्या हे ध्यानात राहत नाही, आणि साडेतीन वाजता उपाशीपोटी अठरा जून रस्त्यावर फिरण्याची वेळ येते.

त्यानंतरचे तीन तास खरे आपले. आमच्यात एकच नियम आहे : प्रत्येकाने आपण यापूर्वी न खाल्लेला एक गोड पदार्थ मागवायचा, आणि प्रत्येक पदार्थाची एकच ताटली घ्यायची. ताटली मधे, चमचे सर्वांचे. फोंतेन्यश या जुन्या वस्तीत कॉन्फेइतारिया 31 दी जानेरो ही 1930च्या दशकापासूनची बेकरी आहे, आणि महापालिका उद्यानाजवळ 1922 पासूनचे मिस्टर बेकर आहे. पण या दोन्ही मुळात बेकऱ्या आहेत, तिथे तासन्‌तास ठाण मांडण्याची अपेक्षा ठेवू नये. बैठकीसाठी आल्तिनो टेकडीवरच्या सुनापरांत कलाकेंद्राच्या आवारातील कॅफे मला फार सोयीचा वाटतो. झाडांची सावली आहे, आवाज नाही, आणि दुसरी कॉफी मागवली नाही तरी कोणी डोळे वटारत नाही.

एक मित्र बेबिंका, म्हणजे थराथरांचे गोवेकरी गोड, खाताना चमचा उभा न घालता वरचा एक एक थर सोलून खातो. त्याला ताटलीभर बेबिंका संपवायला अर्धा तास लागतो, आणि बाकीचे तोवर त्याच्यावर तोंडसुख घेत राहतात. असे पदार्थ बैठकीला चांगले. हातात धरून वितळण्याच्या भीतीने खायचे पदार्थ बैठकीला निरुपयोगी आहेत, हा माझा निष्कर्ष वादग्रस्त आहे, याची मला जाणीव आहे.

आपण सर्वांनी आपापले अनुभव लिहावेत. नव्या जागा सुचवल्यास अधिक आनंद होईल.

हुमणप्रेमी

आपली मांडणी आवडली, तरी जेवणाला आपण दिलेले दुय्यम स्थान मान्य करणे मला जड जात आहे. आम्ही मुंबईहून येतो तेव्हा मुख्य ओढ ताटाचीच असते. उकड्या तांदळाचा भात, हुमण, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, तिसऱ्यांचे सुके, रव्यात घोळवून तळलेला इसवणाचा तुकडा आणि शेवटी सोलकढी, हे सर्व बारा वाजता घाईने गिळायचे असेल तर गोव्याला येण्याचे प्रयोजनच राहत नाही. गोड काय, मुंबईतही मिळते.

शिवाय हंगामाचा उल्लेख राहून गेला आहे. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत मित्रांना मोठ्या उमेदीने नुस्त्यांच्या हॉटेलात नेले तर ताटात खाडीची किंवा बर्फातली मासळी येण्याचा संभव अधिक. पावसाळ्यात भेट ठरत असेल तर आपले सूत्र नक्कीच बरोबर ठरते, कारण तेव्हा जेवणापेक्षा गोडावरच भिस्त ठेवणे शहाणपणाचे.

मांडवीतीर

हुमणप्रेमी, बंदीचा मुद्दा अगदी योग्य आहे, आणि तो मूळ लेखातच यायला हवा होता. घाईने गिळा, असे मात्र मी सुचवलेले नाही. बारा ते एक हा तास ताटासाठी भरपूर असतो. पुढचा तास जो जातो तो हात वाळवत, बिलाची वाट पाहत आणि रांगेतल्या लोकांच्या नजरा चुकवत जातो. तो तेवढा वाचवावा, इतकेच माझे म्हणणे.

माडाचा गूळ

मी मडगावची. घरी नाताळात बेबिंका करणाऱ्या शेजारणींच्या हाताखाली बरीच वर्षे काढलेली असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते, कारण बाहेरून आलेली मंडळी बहुधा पहिल्यांदा वाईट बेबिंका खातात आणि मग कायमची नाके मुरडतात.

सामग्री अगदी मोजकी असते : नारळाचे घट्ट दूध, साखर, दहा-बारा अंड्यांचे बलक, थोडा मैदा, तूप आणि जायफळ. कौशल्य सगळे आचेत आहे. भांड्यात पळीभर मिश्रण घालायचे, वरून निखारे ठेवलेले झाकण बसवायचे, थर तांबूस झाला की त्यावर चमचाभर तूप सोडायचे आणि मग पुढची पळी घालायची. उष्णता वरून हवी, म्हणून पूर्वी झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवत. थर किमान सात असावेत असा संकेत आहे. हौशी घरांत सोळापर्यंतही जातात. प्रत्येक थर वेगळा भाजायचा असल्यामुळे दुपारी बसलेली बाई संध्याकाळी उठते. घाई करून दोन पळ्या एकदम ओतल्या की मधला थर कच्चा राहतो आणि खाताना पिठूळ लागतो.

विकतची बेबिंका पारखायची असेल तर कापलेली बाजू पाहावी. थरांच्या मधली तपकिरी रेघ स्पष्ट आणि बारीक दिसली पाहिजे, आणि बोटाने हलके दाबल्यावर कड ओलसर लागावी, पण बोटाला चिकटू नये. सगळा तुकडा एकाच पिवळ्या रंगाचा दिसला तर तो केक समजावा. गोव्याच्या बेबिंकेला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तरी मानांकनाने आच सांभाळली जात नाही, ती हातानेच सांभाळावी लागते.

जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील एका जोगिणीने हा पदार्थ पहिल्यांदा केला, अशी कथा सांगतात. अंड्यांचा पांढरा भाग कपड्यांना खळ देण्यासाठी वापरला जाई आणि उरलेल्या बलकांतून असे पदार्थ निघाले, अशीही तिला पुस्ती जोडतात. कथा म्हणून ती छान आहे.

एक विनंती. हॉटेलांत बेबिंका कडकडीत गरम करून तिच्यावर आइस्क्रीमचा गोळा ठेवून देतात. कोमट बेबिंका उत्तम लागते, यात शंका नाही. परंतु आइस्क्रीम वितळून थरांत शिरले की जायफळ आणि तूप दोन्ही मरतात. गोळा वेगळ्या वाटीत मागावा.

अर्धा चमचा

विषय गोडाचा असल्यामुळे एक कडू गोष्ट लिहितो. आमच्या कंपूत आता निम्म्या लोकांच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्या असतात, आणि जुने मित्र भेटल्यावर 'आज एक दिवस चालते' हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी असते. एका ताटलीचा आपला नियम म्हणूनच मला सर्वांत मोलाचा वाटला. पाच जणांत चार पदार्थ घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येकी दोन-तीन चमचेच येतात, कोणाला नको म्हणायची पाळी येत नाही आणि कोणाकडे कोणी दयेने पाहत नाही.

क्रमही ठरवून घ्यावा, असे मी सुचवीन. सर्वांत आधी सेरादुरा, कारण ती थंड आणि हलकी. साय आणि कंडेन्स्ड मिल्क एकत्र फेटून त्यात मारी बिस्किटांच्या भुग्याचे थर दिलेले असतात. चमचा पेल्याच्या तळापर्यंत न्यावा, म्हणजे भुगा आणि साय एकाच घासात येतात. वरवरची साय खाणाऱ्याला शेवटी नुसता ओला भुगा उरतो. त्यानंतर बेबिंका. दोदोल अगदी शेवटी, आणि तोही सुपारीएवढा. दोदोलनंतर जिभेला दुसरे काही कळत नाही.

सात्त्विक पुणेकर

आमच्या गटातील दोघी अंडे खात नाहीत, आणि गोव्यात त्यांना दर वेळी आइस्क्रीमवर समाधान मानावे लागते. त्यांच्यासाठी काही मार्ग आहे काय? मस्तानी आम्ही पुण्यातच पितो. त्यासाठी घाट उतरण्याची आवश्यकता नाही.

माडाचा गूळ

पुष्कळ मार्ग आहेत. दोदोलमध्ये अंडे नसते. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा काळा गूळ एकत्र आटवून, तेल सुटेपर्यंत घोटत राहायचे, एवढीच त्याची कृती, मात्र घोटणाऱ्याचे खांदे उतरतात. पेराद म्हणजे पेरूच्या गराची घट्ट वडी, तीही चालेल. सेरादुरा बहुतेक ठिकाणी बिनअंड्याचीच करतात, पण विचारून घ्यावे. बोलिन्हा मात्र टाळाव्यात. रवा आणि नारळाच्या त्या बिस्किटांत बलक असतो.

खरे पाहता तुमच्या मैत्रिणींनी हिंदू घरांतील गोड चाखावे. चण्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस आणि गूळ घालून केलेले मणगणे हे खिरीसारखे असते आणि गरम असताना त्याला तोड नाही. ते हॉटेलांत क्वचित मिळते, सणासुदीच्या थाळीत असले तर नशीब समजावे. नागपंचमीच्या सुमारास आलात तर हळदीच्या पानांत वाफवलेल्या पातोळ्या मिळतील. ख्रिस्ती घरांत त्या 15 ऑगस्टच्या, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला करतात. पान उघडल्याबरोबर जो वास येतो तो फोटोत येत नाही, एवढे सांगते.

नव्याची नवलाई

येथवर सर्व चर्चा जुन्या बेकऱ्यांची आणि घरगुती पदार्थांची झाली, म्हणून नव्या रेस्टॉरंटांची बाजू मांडणे भाग आहे. गेल्या काही वर्षांत पणजीत जुन्या घरांतून छोटी, नीटनेटकी रेस्टॉरंटे उघडली आहेत. त्यांतील काही जण कोकम, माडाचा गूळ, मानकुराद आंबा, तिरफळ अशा इथल्याच जिनसांतून नवे काही घडवू पाहतात, आणि ते प्रामाणिकपणे करतात. एके ठिकाणी तिरफळाचा जेमतेम सुगंध असलेले चॉकलेटचे पुडिंग खाल्ले. पहिल्या चमच्याला आम्ही एकमेकांकडे संशयाने पाहिले, आणि दुसऱ्या चमच्यानंतर दुसरी ताटली मागवली. मूळ लेखातील एका ताटलीच्या नियमाचा तिथे भंग झाला, हे कबूल.

उलट अनुभवही आहे. अशाच एका नव्या जागी बेबिंकेचे थर सुटे करून, उभे ठेवून, त्यांवर कसला तरी फेस घालून आणला. चव वाईट नव्हती. पण भोवती संगीत इतक्या मोठ्याने वाजत होते की आमच्यातला एक जण सेवानिवृत्त झाला, ही बातमी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलीच नाही. आवाज कमी करण्याची विनंती केली, तेव्हा हसून मान डोलावण्यात आली आणि आवाज तसाच राहिला. जागेचे नाव लिहीत नाही, कारण हा दोष एका जागेचा नाही.

त्यामुळे नवी जागा निवडताना मी आता फोन करून तीन गोष्टी विचारतो. दुपारी गाणी लागतात काय, सहा जणांसाठी एकच टेबल मिळेल काय, आणि नुसत्या गोडासाठी आलो तर चालेल काय. तिसऱ्या प्रश्नाला जिथे आनंदाने होकार मिळतो, ती जागा बहुधा चांगली निघते. ज्यांना आपल्या गोडाबद्दल अभिमान असतो तेच नुसत्या गोडासाठी आलेल्या गिऱ्हाइकाचे स्वागत करतात.

मांडवीतीर

तिसरा प्रश्न मी यापुढे निश्चितच विचारीन. माझी एक भर : नवी जागा दिवसाला एकच ठेवावी. दोन नव्या जागा एकाच दिवशी ठेवल्या की सगळा दिवस जागांची तुलना करण्यात जातो, मित्र बाजूला राहतात आणि प्रत्येक जण परीक्षक होऊन बसतो. मानकुरादचा विषय निघालाच आहे, तर एप्रिल-मेमध्ये भेट ठरवणाऱ्यांनी बाजारातून दोन आंबे घेऊन थेट कापून खावेत. त्याचे पुडिंग करण्यात काहीच मिळवायचे नसते.

ताग्यूसतीर

मी पुण्याची, सध्या लिस्बनमध्ये राहते. पास्तेल द नाता या बलकाचे सारण भरलेल्या पोर्तुगीज टार्टांचा उल्लेख कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटले, कारण पणजीच्या परिसरात आता त्या बऱ्या मिळतात, असे माहेरच्या मैत्रिणी सांगतात. येथे बेलेम भागातील प्रसिद्ध दुकान 1837 पासून त्या विकत आहे. त्या खाण्याची वेळ महत्त्वाची आहे. भट्टीतून निघाल्यावर तासाभरात खाल्ल्या तर पारीचा कुरकुरीतपणा टिकून असतो आणि आतला बलकाचा भाग थरथरता असतो. संध्याकाळपर्यंत ठेवल्या तर पारी चामड्यासारखी होते. म्हणून तुमच्या बैठकीसाठी त्या नकोत. सकाळी भट्टी निघण्याची वेळ विचारून बेकरीच्या दारातच उभ्याने खाव्यात, वरून दालचिनीची पूड घालून, आणि मग टाटो किंवा भोसलेकडे वळावे.

हुमणप्रेमी

गोडाच्या या पुरात संध्याकाळची कोणाला आठवण झालेली दिसत नाही. तीन तास साखर खाल्ल्यानंतर माणसाला तिखट हवेच. सात वाजल्यानंतर गाड्यावरचे रस ऑम्लेट खावे, असा माझा आग्रह आहे. कांदा-मिरचीचे पातळ ऑम्लेट, त्यावर कोंबडीच्या शागुतीचा रस, वरून कच्चा कांदा आणि लिंबाची फोड, सोबत पाव. तिथे बसायला जागा नसते, पण तोवर सगळ्यांचे बोलून झालेले असते, त्यामुळे उभे राहून खाण्यात काही उणे वाटत नाही.

अर्धा चमचा

रस ऑम्लेटला अनुमोदन. साध्या पावाऐवजी मात्र पोई मागावी. कोंड्याची असल्यामुळे आमच्यासारख्यांना ती त्यातल्या त्यात बरी, आणि तिच्या पोकळीत रस चांगला मुरतो. सगळ्या गाड्यांवर ती मिळत नाही. आमच्यातला एक जण संध्याकाळी पोदेराकडून (पाववाल्याकडून) आधीच घेऊन ठेवतो.

सात्त्विक पुणेकर

सर्वांचे आभार. आमच्यासाठी दोदोल, पेराद आणि मिळाले तर मणगणे, असे ठरले. दोन प्रश्न राहिले. आम्ही कदंबच्या बसने येणार, गाडी नाही. तर हा सगळा फेरा पायी होतो काय? आणि परत नेण्यासाठी काय टिकते?

मांडवीतीर

पायी होतो, आणि पायीच करावा. बसस्थानकावरून पाटोमार्गे ओरेंची खाडी ओलांडली की दहा-पंधरा मिनिटांत फोंतेन्यश लागते. तिथून चर्चच्या चौकापर्यंतचे अंतर गप्पा मारता मारता संपते. आल्तिनोचा चढ तेवढा आहे. दुपारच्या उन्हात गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी रिक्षा किंवा टॅक्सी करावी, त्यात कमीपणा नाही. फोंतेन्यशमध्ये एक पथ्य पाळावे. रंगीत भिंती आणि जुन्या खिडक्या असल्या तरी ती लोकांची राहती घरे आहेत, आणि त्यांच्या पायऱ्यांवर बसून खोकी उघडणाऱ्या व छायाचित्रे काढणाऱ्या मंडळींना तिथले रहिवासी कंटाळलेले आहेत. खोके घ्यावे आणि चालू पडावे.

टिकण्याच्या बाबतीत दोदोल आणि पेराद निर्धास्त न्यावेत. बेबिंकाही साखर आणि तुपामुळे काही दिवस चांगली राहते. मात्र अख्खा तुकडाच घ्यावा आणि घरी गेल्यावर कापावा, कारण कापलेल्या बाजू लवकर सुकतात. सेरादुरा बसमध्ये नेण्याचा विचारही करू नये.

शेवटी वाराचे सांगतो. रविवारी पणजीतील बरीच जुनी दुकाने आणि बेकऱ्या बंद असतात, आणि शनिवारी दुपारी पर्यटकांची गर्दी असते. सेवानिवृत्त मंडळींनी मंगळवार-बुधवार निवडावा. नोकरी करणाऱ्यांनी शनिवारच घ्यावा, पण बेकरीची खरेदी सकाळी अकराच्या आत करून ठेवावी, नाहीतर दुपारच्या बैठकीला ताटल्या असतील आणि त्यांत वाढायला काही नसेल.